शिवारातील आगीचा नकाशा

माघ सरला, ज्वारीची काढणी आटोपू लागली आणि खळ्याशेजारी कडब्याच्या गंजी उभ्या राहिल्या, म्हणजे आपल्या शिरूर अनंतपाळ तालुक्यात विस्तवाचे दिवस सुरू होतात. उसाचे फड तुटून मागे पाचट पडलेले असते, बांधावरचे गवत वाळून कडकडीत झालेले असते. कोणी पाचट पेटवितो, कोणी बांध पेटवितो. आणि एकदा वारा फिरला म्हणजे विस्तव धन्याचे ऐकत नाही. दरसाल कोठे ना कोठे एखाद्याची गंजी जळते, एखाद्याच्या उभ्या उसात विजेच्या तारांची ठिणगी पडते, आणि पंचनाम्यास माणसे येईपर्यंत राखही वाऱ्यावर उडून गेलेली असते. या आगींची सलग नोंद आपल्या गावी बहुधा कोणी ठेवीत नाही. आकाशातून मात्र ती अंशतः ठेविली जाते व कोणासही फुकट पाहावयास मिळते, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. त्या नोंदीवरून नकाशा कसा तयार करावा आणि तयार झालेला नकाशा कसा वाचावा, हे येथे सांगावयाचे आहे. करण्यापेक्षा वाचण्याचे काम अधिक कठीण आहे, हे आरंभीच सांगून ठेवितो.

अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९९९ साली टेरा व २००२ साली ॲक्वा असे दोन उपग्रह सोडले. त्यांवर मोडिस नावाचे यंत्र आहे. पुढे २०११, २०१७ व २०२२ साली सोडलेल्या तीन उपग्रहांवर व्हिअर्स नावाचे अधिक बारीक नजरेचे यंत्र बसविले गेले. ही यंत्रे धूर शोधीत नाहीत व ज्वाळाही शोधीत नाहीत. ती उष्णता मोजतात. लोहाराच्या भट्टीतील लोखंड जसजसे तापते तसतसा त्याचा रंग पालटतो, हे आपण नित्य पाहतो. त्याचप्रमाणे उन्हाने तापलेली जमीन व जळते पाचट यांच्यापासून निघणारे, डोळ्यांस न दिसणारे किरण निरनिराळ्या लांबीचे असतात. चार मायक्रोमीटरच्या आसपासच्या लहरींत आग विशेष झळकते. अकरा मायक्रोमीटरच्या आसपास नुसती तापलेली जमीनही दिसते. यंत्र या दोहोंची तुलना करते, शेजारच्या जागांशी ताडून पाहते, आणि फरक ठळक असेल तर तेथे आग असल्याची नोंद करते.

या नोंदी सर्वांस खुल्या करणारी ‘फर्म्स’ नावाची व्यवस्था प्रथम अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात तयार झाली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेचेही तीस साहाय्य होते. २०१२ पासून ती नासाकडे आहे. उपग्रह डोक्यावरून गेल्यापासून साधारणतः तीन तासांच्या आत नोंद तेथे उपलब्ध होते. मोडिसच्या नोंदी २००० सालापासूनच्या व व्हिअर्सच्या २०१२ पासूनच्या मागवून घेता येतात. यास एक पैही पडत नाही.

नकाशा तयार करण्याची कृती साधी आहे. घरातील शिकता मुलगा किंवा मुलगी चार दिवसांत ती आत्मसात करील. नोंदींची यादी म्हणजे एक लांबलचक कोष्टक असते. प्रत्येक ओळीत अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, उष्णता, नोंदीची खात्री किती ते, आणि आगीचा जोर मेगावॉटमध्ये, असे रकाने असतात. आपला तालुका अठरा अंशांहून थोड्या अधिक अक्षांशावर व सत्याहत्तर अंशांच्या किंचित अलीकडील रेखांशावर आहे, तेव्हा तेवढ्या चौकटीतील ओळी वेचून घ्याव्यात. ‘क्यूजीआयएस’ हे फुकट मिळणारे साधन संगणकावर घेऊन, ‘ओपन स्ट्रीट मॅप’ या खुल्या नकाशावर त्या ओळी ठिपक्यांच्या रूपाने मांडाव्यात. आजच्या आगीस तांबडा, आठवड्यापूर्वीच्या आगीस पिवळा, असे रंग द्यावेत. सर्वांस आंतरजालावर पाहता यावा असा नकाशा करावयाचा असेल तर ‘लीफलेट’ नावाचे साधनही तसेच मोफत आहे. एवढे केले की साकोळच्या शिवारापासून निलंग्याच्या वाटेपर्यंत कोठे कोठे विस्तव दिसला, हे समोर उभे राहते.

येथेच खरी अडचण सुरू होते. पहिल्या खेपेस आम्ही ‘०८१२’ हा वेळेचा आकडा सकाळची आठ वाजून बारा मिनिटे असा वाचला, आणि दंवाने भिजलेले पाचट त्या वेळी पेटले कसे, या विचारात पडलो. पुढे कळले की त्या कोष्टकातील वेळ ग्रिनिचची आहे. तीत साडेपाच तास मिळविले म्हणजे आपली वेळ येते. ती आग दुपारी पावणेदोनच्या सुमारास दिसलेली होती. व्हिअर्सचे उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीडच्या व रात्री दीडच्या सुमारास जातात. सायंकाळी पाचास लावलेले व दिवे लागणीस विझलेले पाचट त्यांना कधीच दिसत नाही. पंजाबात व हरियाणात धानाचे काड उपग्रह गेल्यानंतर पेटविले जात असावे, अशी शंका २०२४ साली शास्त्रज्ञांनी बोलून दाखविली. एकाच जागी स्थिर राहून दिवसभर पाहणाऱ्या कोरियाच्या उपग्रहाच्या चित्रांवरून त्यांनी ती घेतली होती. म्हणजे नकाशावर ठिपके कमी झाले याचा अर्थ आगी कमी झाल्या असाच होतो, असे नव्हे.

याहून मोठी गोष्ट ठिपक्याच्या जागेची. व्हिअर्सची नजर जमीन चौकोनांत पाहते, व ऐन उपग्रहाखालचा एक चौकोन ३७५ मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो. हिशेब केला तर हे सुमारे १४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ ३५ एकर होतात. मोडिसचा चौकोन एक किलोमीटरचा, म्हणजे सुमारे २४७ एकरांचा. नजरेच्या कडेकडेला तर हे चौकोन दुपटीहूनही अधिक रुंद होत जातात. त्या चौकोनात कोठेही पुरेसा विस्तव असला की यंत्र ‘आग’ असे लिहिते, आणि ठिपका मात्र चौकोनाच्या मध्यबिंदूवर पडतो. आपल्याकडील जमिनीची वाटणी पाहता पस्तीस एकरांत आठ-दहा खातेदार सहज बसतात. जळाले त्यांपैकी एकाचे दहा-वीस गुंठे पाचट. ठिपका बसला भलत्याच्याच हरभऱ्यात! यास्तव आमचे आग्रहाचे सांगणे असे की, नकाशात ठिपका काढूच नये. पुरता चौकोन काढावा. डोळ्यांस तो कमी देखणा दिसेल, पण खोटे बोलणार नाही.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास उत्तर उत्तरेकडे आहे. दिल्लीच्या हवेचा प्रश्न पेटल्यापासून त्या बाजूच्या राज्यांत उपग्रहाच्या नोंदीवरून अधिकारी शेतावर जातात. दिल्ली व लगतच्या प्रदेशापुरता दंड नोव्हेंबर २०२४ मध्ये दुप्पट करण्यात आला. पाच एकरांहून अधिक जमीन असणाऱ्यास तो ३०,००० रुपये ठरला. पंजाब-हरियाणात काड जाळणाऱ्यांच्या जमिनीच्या दप्तरात तांबडी नोंदही केली गेली, आणि हरियाणात अशा शेतकऱ्यांचा माल दोन हंगाम मंडीत घेऊ नये असा हुकूम निघाला. धुराची बाजू आम्ही घेत नाही. पाचट जाळणे हे आपल्याच जमिनीच्या तोंडचे खत काढून घेणे आहे, ते सरीत दाबावे किंवा त्याची कुट्टी करावी, हे या पानांतून पुष्कळदा येऊन गेले आहे. परंतु उद्या तसाच नियम मांजरेच्या काठी आला, तर पस्तीस एकरांच्या चौकोनातील ठिपका आपल्या सातबाऱ्यावर उतरण्यापूर्वी तो म्हणजे काय, हे सातबारा ज्याच्या नावाचा आहे त्यास ठाऊक असले पाहिजे. नकाशा दुसऱ्याने वाचावा व आपण फक्त सही करावी, ही रीत जमिनीच्या कामात आपणांस फार महाग पडलेली आहे.

ठिपके मोजण्यातही फसगत होते. एकच मोठी आग तीन उपग्रहांनी पाहिली तर तीन ओळी होतात. ती चार चौकोनांत पसरली तर बारा. ‘तालुक्यात बारा आगी’ असे वर्तमानपत्री लिहिणाऱ्यास ही गोष्ट ठाऊक असतेच असे नाही. कारखान्यांचे धुराडे व तत्सम कायमच्या उष्ण जागाही कधी कधी आग म्हणून नोंदल्या जातात. एकाच जागी वर्षभर ठिपका येत राहिला तर तो शेताचा नव्हे, असे समजण्यास हरकत नाही. उलट ढगांच्या दाट थराखालचे काहीच दिसत नाही.

शंका आली तर पडताळा पाहण्याचा मार्गही खुला आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे दर पाच दिवसांनी मिळतात व त्यांत दहा मीटरपर्यंतचा बारकावा असतो. एवढ्यात बांध स्पष्ट ओळखू येतो. फर्म्सच्या चौकोनातील कोणते शेत जळले, हे आगीपूर्वीचे व नंतरचे चित्र शेजारी ठेवून पाहता येते. मराठवाड्यात मात्र एक खोड आहे. आपली जमीन मुळातच काळी. ताजी नांगरट आणि ताजी राख साध्या चित्रात सारखीच काळी दिसते. त्यासाठी डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची चित्रे घेऊन दोहोंतील फरक काढावा लागतो, आणि तरीही शेवटी बांधावर जाऊन पायाखालची माती पाहणे चुकत नाही.

लातूर जिल्ह्यात वन नावापुरतेच असल्यामुळे आपल्या नकाशावरील ठिपके बहुतेक शेतांतले. नांदेडकडे किनवट-माहूरच्या सागवनांत गोष्ट निराळी. तेथे मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो व तो विस्तव रानात शिरतो. देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण खाते २००४ पासून याच उपग्रहांच्या नोंदींवरून वनखात्यास इशारे पाठविते. साधारण नोव्हेंबर ते जून हा त्याचा हंगाम. सामान्य नागरिकासही नाव नोंदवून भ्रमणध्वनीवर ते इशारे घेता येतात. रानाला लागून ज्यांची शेते आहेत त्यांनी ते अवश्य घ्यावेत. वणवा दिवसेंदिवस चालतो, तेव्हा तीन तासांपूर्वीची वार्ताही तेथे उपयोगी पडते.

आपल्या गंजीस मात्र तिचा उपयोग नाही. मोडिसला नेहमीच्या स्थितीत सुमारे हजार चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे, जळत असावे लागतात. व्हिअर्सला त्याहून कमी पुरते, तरी सोयाबीनची एक बनीम किंवा कडब्याची एक गंजी त्याच्या नजरेस येण्याची आशा थोडीच, आणि आली तरी वार्ता पोहोचेपर्यंत राख निवालेली असणार. त्या आगीचा नकाशा गावानेच केला पाहिजे, आणि त्यात आग नव्हे तर पाणी दाखविले पाहिजे: उन्हाळ्यात कोणत्या विहिरीस पाणी टिकते, कोणत्या बोअरवर मोटर आहे व तिची किल्ली कोणाकडे असते, अग्निशामक बंब कोणत्या पाणंदीने शेतापर्यंत येऊ शकतो व कोणत्या पाणंदीत फसतो, विजेच्या तारा कोणत्या फडावर लोंबत आहेत. हे कोणत्याही उपग्रहास दिसत नाही. गावातील प्रत्येक गड्यास ते तोंडपाठ असते. त्याच ‘ओपन स्ट्रीट मॅप’वर या जागा कोणीही भरू शकतो.

जोडीला एक वही असावी. आग लागली की तारीख, वेळ, गट नंबर, काय जळले व विस्तव कोठून आला, एवढ्या पाच गोष्टी त्याच दिवशी लिहाव्यात. वर्षाअखेरीस ती वही उपग्रहाच्या कोष्टकाशेजारी ठेवावी. आकाशाने किती पाहिले व किती सोडले, याचा आपल्या गावापुरता हिशेब तीतून निघेल. असा हिशेब ज्या गावाने ठेविला असेल, त्याने तो या मासिकाकडे पाठवावा. आम्ही तो येत्या पावसाळ्यातील अंकांतून छापू.