लेखांक ५ : वालाचे बिरडे आणि वाइन

आवळा खाऊन वर पाणी प्यायले की ते गोड लागते, हे कर्जत-खालापूरकडच्या कोणत्याही शाळकरी पोराला ठाऊक असते. पाण्यात साखर कोणी घातलेली नसते, फेरफार झालेला असतो तो जिभेत. वाइनचेही तसेच असून, पेल्यातील द्रव तोच राहिला तरी त्याची चव घासागणिक पालटते, आणि ती कोणत्या दिशेने पालटावी याची मुखत्यारी बहुतांशी ताटातील पदार्थांकडे असते. हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सचा कारखाना ज्या रसायनीत उभा राहिला, तेथील वाचकांना आम्लांची व क्षारांची नावे ऐकून दचकण्याचे कारण नाही. सबब आज थोडे रसायनशास्त्र होऊ द्यावे.

दृष्टांतासाठी दूर जावयास नको. मोड आणून सोललेले कडवे वाल, त्यांत आमसूल, गूळ, मीठ आणि ओले खोबरे अशा आपल्या बिरड्यात परस्परविरुद्ध पक्षांच्या कैफियती एकाच वाटीत दाखल झालेल्या असतात. गूळ जिभेला गोडाची सवय लावतो, आणि त्या सरावलेल्या जिभेवर आलेली वाइन, फळाचा गोडवा हरवून बसल्यामुळे, आहे त्याहून आंबट, कडू आणि पातळ भासते. आमसुलाची चाल नेमकी उलट : त्यातील हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाला जीभ सरावली की वाइनमधील टार्टारिक आम्लाची धार बोथट होते आणि नाशिकच्या द्राक्षांची, एरवी दात आंबविणारी, शेनिन ब्लां एकाएकी मवाळ वाटू लागते. मात्र आमसूल सढळ हाताने पडले आणि वाइन मुळातच आंबटपणात उणी असली, तर ती पाणचट होते. म्हणून वाइन पदार्थाहून कमी आंबट नसावी, हा दंडक जाणत्यांनी घालून दिला आहे. वालाचा कडवटपणा तर कोणाशीच तडजोड करीत नाही. तांबड्या वाइनमध्ये द्राक्षांच्या साली-बियांतून उतरलेले टॅनिन लाळेतील प्रथिनांशी संयोग पावून तोंड कोरडे करीत असते, त्यात वालाच्या कडूची भर पडली की बिरडे आणि शिराझ या दोहोंचेही नुकसान होते, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

या सर्व कारभारात खरी हुकमत मिठाची. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील ब्रेस्लिन व बीचम यांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, मीठ कडू चवीला दाबून टाकते आणि त्या कडूखाली गुदमरलेला गोडवा त्यामुळे वर येतो. थंडीत शेतात लागणारी पोपटी आठवावी : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडे मीठ, गूळ नाही, आमसूल नाही. जी शिराझ बिरड्याशी भांडते तीच या खारट शेंगांसमवेत बरीच सौम्य होते, कारण शेंगांवरचे मीठ तिच्या टॅनिनच्या कडूपणाचाही बंदोबस्त करते.

मिरचीची हकीकत थोडक्यात सांगतो. मिरचीतील कॅप्सेसिन ज्या उष्णताग्राही चेतातंतूंना पेटविते, त्यांनाच अल्कोहोलही अधिक हळवे करते. एरवी सुमारे ४२ अंश सेल्सिअसला जागे होणारे हे ग्राहक अल्कोहोलच्या सान्निध्यात सुमारे ३४ अंशांलाच जागे होतात, म्हणजे शरीराची स्वतःची ऊबही त्यांना विस्तवासारखी जाणवते. तिखट रश्श्याबरोबर चौदा टक्के अल्कोहोलची वाइन घेणाऱ्याने आपल्या कपाळावरील घामाचा दोष स्वयंपाकिणीला देऊ नये.

उरली सुकट. तांबड्या वाइनसमवेत मासळी खाताना तोंडात मागे राहणारा उग्र वास टॅनिनमुळे येतो अशी समजूत दीर्घकाळ होती. परंतु २००९ साली जपानच्या मर्शन कंपनीतील संशोधकांनी सुकविलेल्या शिंपल्यांवर प्रयोग करून त्याचा दोष वाइनमधील लोहाकडे दिला. वाइनमध्ये लोह जितके अधिक, तितका वास अधिक. हे लोह मातीतून वा यंत्रसामग्रीतून उतरते आणि बाटलीवरच्या चिठ्ठीत त्याची नोंद नसते, त्यामुळे सुकटीचा बेत असलेल्या दिवशी नवी बाटली आधी एका घासावर अजमावून पाहावी आणि वास उठल्यास ती निमूटपणे पोपटीसाठी राखून ठेवावी.