मिर्चीच्या सालनात ताकद किती? एका कढईचा हिशेब

आपल्याकडे दावत असली की बिर्याणीसोबत मिर्चीचं सालन ठरलेलंच. हैदराबादेत, तसंच संभाजीनगर, बीड, नांदेड, परभणीकडच्या घरांत बघारे बैंगन आणि मिर्चीचं सालन कधी चुकत नाही. दोन्हींचा जीव एकाच गोष्टीत असतो, भाजून वाटलेल्या शेंगदाण्यात. उर्दूत मूंगफली म्हणा, आपल्या बोलीत फल्ली म्हणा, सालनाला दाटपणा आणि चव येते ती तिच्यामुळेच.

मध्यंतरी पालक सभेत एका मुलाच्या अम्मींनी विचारलं, "सर, आठवड्यातून दोन-तीनदा फल्लीचं सालन करते. फल्लीत तर बदामासारखी ताकद असते म्हणतात. मग मुलाला डाळ-अंडं वेगळं द्यायची काय गरज?" प्रश्न अगदी रास्त आहे. गोश्त महाग, बदाम त्याहून महाग. स्वस्तात ताकद मिळत असेल तर कुणाला नको? म्हणून आज या सालनाचा हिशेब वहीवर मांडतो तसा मांडून बघू.

आधी शेंगदाणा समजून घेऊ

शेंगदाण्याला आपण सुक्या मेव्यात धरतो, पण तो खरं तर तूर, हरभरा, वाटाणा यांचा भाऊबंद आहे. फरक एवढाच की डाळींमध्ये पिठूळ भाग जास्त असतो आणि शेंगदाण्यात तेल जास्त.

१०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं म्हणजे प्रोटीन असतं. वजनाला वजन धरलं तर हे बदामापेक्षा कमी नाही, उलट थोडं जास्तच भरेल. त्यासोबत ४० ते ४९ ग्रॅम चरबी असते आणि ५२० ते ५७० कॅलरी मिळतात. या चरबीतला मोठा भाग चांगल्या प्रकारचा असतो, तुपासारखा गोठणारा भाग कमी. शिवाय ८-९ ग्रॅम तंतू, भरपूर नायसिन, फोलेट, ई जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियमही मिळतं.

म्हणजे 'फल्लीत ताकद असते' हे खोटं नाही. पण आपण १०० ग्रॅम खातो कुठे? वाटीभर सालनात शेंगदाणे किती पडतात, ते बघायला हवं.

आता कढई बघा

सहा माणसांचं सालन धरू. घरोघरी प्रमाण थोडं वेगळं असेल, पण साधारण असं:

• शेंगदाणे ७५ ग्रॅम: ४२५ कॅलरी, १९ ग्रॅम प्रोटीन, ३७ ग्रॅम चरबी
• तीळ २० ग्रॅम: ११५ कॅलरी, साडेतीन ग्रॅम प्रोटीन, १० ग्रॅम चरबी
• सुकं खोबरं २० ग्रॅम: १३० कॅलरी, दीड ग्रॅमच्या आत प्रोटीन, १३ ग्रॅम चरबी
• तेल अर्धी वाटी, म्हणजे ९० ग्रॅम: ८१० कॅलरी, प्रोटीन शून्य, चरबी ९० ग्रॅम

कांदा, चिंच, मिरच्या, मसाला यांच्या कॅलरी फार थोड्या, त्या सोडून देऊ.

बेरीज केली तर जवळजवळ १४८० कॅलरी, २४ ग्रॅम प्रोटीन आणि १५० ग्रॅम चरबी होते. सहाने भागा. एका माणसाच्या वाट्याला सुमारे २४५ कॅलरी, २५ ग्रॅम चरबी आणि प्रोटीन फक्त ४ ग्रॅम.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ३२ ग्रॅम प्रोटीन लागतं. त्यातले ४ ग्रॅम सालनातून आले. बाकीचे २८ कुठून येणार? शिवाय या कढईतल्या निम्म्याहून जास्त कॅलरी फल्लीच्या नाहीतच, त्या वरच्या लाल तर्रीच्या आहेत. आपण समजतो मुलाने फल्ली खाल्ली, पण पोटात जास्त गेलं ते तेल.

डाळ-अंड्याची गरज का उरते?

इथे आणखी एक बारकी गोष्ट आहे. प्रोटीन हे विटांच्या भिंतीसारखं असतं. ते अनेक प्रकारच्या विटांनी बनतं, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यातली लायसिन नावाची वीट शेंगदाण्यात कमी असते. भात, गहू, ज्वारी यांच्यातही तीच कमी असते. म्हणजे सालन-चपाती किंवा सालन-भात खाल्लं तर दोन्हीकडे एकाच विटेचा तुटवडा. एकाची उणीव दुसरा भरून काढत नाही.

ती वीट तूर, मसूर, हरभरा अशा डाळींत भरपूर असते. दूध, दही, अंडी, मासे, गोश्तमध्येही असते. आपल्याकडे बगारा खान्यासोबत दालचा करतात, बिर्याणीसोबत दह्याची चटणी असते. जुन्या बायकांनी लायसिनचं नाव ऐकलं नसेल, पण ताट बरोबर जमवलं होतं. अडचण रोजच्या दिवशी होते, दालचा नाही, गोश्त नाही, नुसतं सालन आणि भात असतो तेव्हा.

त्याच कॅलरीत अडीचपट प्रोटीन

यावर उपाय महाग नाही. अर्ध्या वाटीऐवजी तीन मोठे चमचे तेल घ्या. एका वाट्यातल्या कॅलरी २४५ वरून १७३ वर येतात आणि चरबी २५ वरून १७ ग्रॅमवर. प्रोटीन तेवढंच, ४ ग्रॅम राहतं. आता त्याच सालनात माणशी एक उकडलेलं अंडं सोडा. अंड्यातून ७० च्या आसपास कॅलरी आणि ६ ग्रॅम उत्तम प्रोटीन मिळतं.

बेरीज बघा, कॅलरी पुन्हा २४५ च्या जवळ आल्या. पण प्रोटीन ४ वरून १० ग्रॅम झालं, आणि लायसिनचा तुटवडाही बराच भरून निघाला. वाचलेल्या तेलाचे पैसे अंड्याला लावा. अंडं नको असेल तर बाजूला एक वाटी घट्ट तुरीची किंवा मसुरीची डाळ ठेवा, काम होतं.

तेल कमी केलं तर सालन फिकं लागेल, असं वाटतं. पण शेंगदाण्यात, तिळात, खोबऱ्यात स्वतःचं तेल असतंच. मंद आचेवर कोरडंच भाजा, बारीक वाटा, आणि मसाला झाकण ठेवून सावकाश शिजवा. थोड्या वेळाने तेल आपोआप कडेला सुटतं. घाईत मोठ्या आचेवर केलं तर मसाला खाली लागतो, म्हणून आपण वरून तेल ओततो. दावतीच्या दिवशी तर्री हवीच असेल तर असू द्या, पण मुलांना वाढताना वरचं तेल बाजूला करून वाढा.

लोहाचं काय?

'मूंगफली खा, खून वाढतं' असंही म्हणतात. शेंगदाण्यात लोह आहे, १०० ग्रॅमला साधारण साडेचार मिलिग्रॅम. पण सालनाच्या एका वाट्यात शेंगदाणे येतात १२-१३ ग्रॅम, म्हणजे लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातलंही थोडंच अंगी लागतं, कारण वनस्पतीतलं लोह शरीर कमी शोषतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणून मुलगी सतत थकलेली, फिकट दिसत असेल तर सालनावर विसंबू नका. रक्त तपासून घ्या आणि शाळेत मिळणारी लोहाची गोळी घरी आणून कपाटात ठेवू देऊ नका. जेवताना कांद्यावर लिंबू पिळून द्या, त्याने लोह शोषायला मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा नको, चहा ते अडवतो.

विकत घेताना आणि वाढताना

शेंगदाण्याला ओल लागली की त्यावर बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला घातक आहे, आणि भाजून किंवा शिजवून पूर्ण जात नाही. म्हणून दाणे निवडूनच घ्या. काळपट, सुरकुतलेले, हिरवट बुरशीचे, कडू लागणारे दाणे सरळ टाकून द्या. 'वाटल्यावर काय कळतंय' म्हणून कढईत घालू नका. पावसाळ्यात एकदम पाच किलो भरून ठेवण्यापेक्षा थोडे थोडे आणा आणि कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात अख्खे दाणे देऊ नका. श्वासनलिकेत अडकू शकतात. बारीक वाटलेला दाणा चालतो. काही मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी सालनातलं मीठ सांभाळावं. शेंगदाण्यात मूळचं मीठ नगण्य असतं, ते आपणच घालतो.

तर त्या अम्मींच्या प्रश्नाचं उत्तर असं: फल्लीचं सालन जरूर करा, चांगली चीज आहे. पण तिला डाळ-अंड्याच्या जागी बसवू नका, त्यांच्या शेजारी बसवा. पुढच्या वेळी सालन कराल तेव्हा तेलाची अर्धी वाटी हातात घेतल्यावर क्षणभर थांबा, तीन चमचे मोजून घाला, आणि दुसऱ्या शेगडीवर अंडी उकडायला ठेवा.