हाताने शिकलेले विज्ञान : पन्नास वर्षांचा मागोवा

मार्च १९७५ मध्ये महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याआधी अकरावीला मॅट्रिक होताना शास्त्र झेपत नसेल तर दुसरे विषय घेऊन सुटता येत असे, आणि खेड्यातल्या कितीतरी मुलांनी, विशेषतः मुलींनी, तीच वाट धरली होती. विज्ञान आणि गणित दहावीपर्यंत सर्वांना शिकवावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात केली होती. ती प्रत्यक्षात आली आणि हायस्कुलात जाणाऱ्या प्रत्येक मुलापुढे विज्ञानाचे पुस्तक आले. निर्णय योग्यच होता. पण पुस्तक जितक्या लवकर पोहोचले, तितक्या लवकर प्रयोगशाळा पोहोचली नाही आणि विज्ञानाचा पदवीधर शिक्षकही पोहोचला नाही. गेल्या पन्नास वर्षांत ही उणीव भरून काढायला जे लोक पुढे आले, त्यांच्या कामाची नोंद मराठी वाचकाने ठेवायला हवी, असे मला मनापासून वाटते.

त्यातले पहिले मोठे काम मुंबईत उभे राहिले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना शाळेतल्या विज्ञानाची काळजी वाटत होती. प्रा. भा. मा. उदगावकर आणि प्रा. वि. गो. कुलकर्णी ही त्यातली ठळक नावे. १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले, तेही नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत. मानखुर्दची स्वतःची वास्तू मिळायला १९९२ उजाडले. मूलकणांचा अभ्यास करणारी माणसे पालिका शाळेतल्या आठवीच्या मुलांबरोबर बसून त्यांना नेमके काय कळत नाही ते शोधू लागली.

या शोधात हाती लागलेली एक गोष्ट मला आजही सर्वांत मोलाची वाटते. मुले विज्ञानात मागे पडत होती, त्याचे एक मोठे कारण पाठ्यपुस्तकाची भाषा हे होते. पुस्तक मराठीतच होते, पण ज्या घरांत मराठी बोलली जाते त्या घरांतले ते मराठी नव्हते. लांबलचक वाक्ये, संस्कृत शब्दांचे जोड, एका दमात सांगितलेल्या तीन-तीन व्याख्या! केंद्राने तोच मजकूर सोप्या मराठीत लिहून वर्गात वापरून पाहिला आणि मुलांची समज सुधारलेली दिसली. पुढे पालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी केंद्राने खास वर्ग चालवले. भाषेकडे लक्ष, प्रश्न विचारायची मोकळीक आणि हाताने प्रयोग, एवढीच त्यांची सामग्री होती. शालान्त परीक्षेत या मुलांनी जे करून दाखवले, त्यावर केंद्राने १९८५ मध्ये पुस्तकच प्रसिद्ध केले. ‘या मुलांना विज्ञान जमत नाही’ असे म्हणायला त्यानंतर कुणालाही जागा उरली नव्हती.

ग्रामीण भागात याच केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात काम केले. तिथल्या शिक्षकांना सोबत घेऊन, गावात मिळतील त्या वस्तूंमधून प्रयोग बसवणे हा त्याचा गाभा होता.

पण खेड्यातल्या हायस्कुलाचा प्रश्न ज्याने मुळापासून विचारला, तो माणूस शिरूर तालुक्यातल्या पाबळला राहायला गेला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात अन्न तंत्रज्ञानात पीएच. डी. झालेले, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पदावर असलेले. ती नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. पाबळ पर्जन्यछायेतले, पाण्याची ओढ असलेले गाव. तिथल्या मुलाला ओहमचा नियम का शिकवायचा, याचे उत्तर त्यांनी कामातूनच दिले. मुलगा घरात वायरिंग करील, मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करील, तेव्हा तो नियम त्याला लागेल आणि लागला की कळेल.

त्यातून हायस्कुलासाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला. आठवी ते दहावीच्या मुला-मुलींनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग. वेल्डिंग मुलीही करणार, स्वयंपाक मुलगेही करणार. रक्तातले हिमोग्लोबिन तपासायचे, मातीची परीक्षा करायची, नळ जोडायचे, जमीन मोजायची. शिकवायला गावातलेच सुतार, गवंडी, वायरमन. मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगाचे असेल आणि गाव त्याचे पैसे देईल, हाही शिक्षणाचाच भाग. वर्गातला सिद्धान्त या कामाला जोडूनच यायचा. १९८७ च्या सुमारास राज्य शालान्त मंडळाने या विषयाला मान्यता दिली. माझ्या मते या सगळ्या मागोव्यातली ही सर्वांत मोठी घटना आहे, कारण बाकीचे बहुतेक प्रयोग शाळेच्या वेळापत्रकाबाहेर राहिले. हा आत शिरला. आजही तो अनेक शाळांत चालतो, महाराष्ट्राबाहेरही. शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांसाठी पाबळला निवासी अभ्यासक्रम झाला. अमेरिकेतल्या एमआयटीची ‘फॅब लॅब’, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, २००२ मध्ये पाबळला आली, ती एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या अशा प्रयोगशाळांपैकी एक. पुढच्याच वर्षी कलबाग गेले.

पुण्यात वेगळा सूर लागला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुकाचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी खगोलशास्त्राच्या या संस्थेचे दार शाळकरी मुलांना उघडले. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मुलांसाठी व्याख्याने होऊ लागली, इंग्रजीत आणि मराठी-हिंदीतही. उन्हाळ्याच्या सुट्टीत हायस्कूलची मुले शास्त्रज्ञांजवळ बसून छोटे प्रकल्प करू लागली. सही मागायला आलेल्या मुलाला नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव. उत्तराखाली माझी सही येईल. पुढे सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून तिथे मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली आणि अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारी खेळणी हजारो मुलांच्या हाती दिली. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून आकृत्या करण्याची कल्पना त्यांना १९७८ मध्ये सुचली ती मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला. तिथला गावशाळांमधला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम १९७२ पासून तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद केला.

मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने सुरू केलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेने सहावी आणि नववीच्या मुलांना प्रात्यक्षिकाकडे आणि प्रकल्पाकडे नेले. आता तिच्यासाठीही महागडे क्लास निघाले आहेत, याचे वाईट वाटते.

आज दहावीला विज्ञान-तंत्रज्ञानाचे चाळीस गुणांचे दोन पेपर आणि वीस गुणांचे प्रात्यक्षिक असते. कागदावर हे छान आहे. पण असंख्य शाळांत जर्नल एकमेकांचे पाहून उतरवले जाते, निरीक्षणाच्या रकान्यात फळ्यावरचे आकडे येतात आणि वीसपैकी अठरा-एकोणीस गुण सर्वांना मिळतात. दुसरीकडे सेमी-इंग्रजीची लाट आली. आधी आठवीपासून, मग पाचवीपासून, काही ठिकाणी पहिलीपासून विज्ञान आणि गणित इंग्रजीत गेले. अवघड मराठीसुद्धा मुलाला अडवते, हे ज्या राज्यात चाळीस वर्षांपूर्वी दिसून आले, त्याच राज्याने घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत विज्ञान नेले. पालकांची धास्ती मला समजते, पुढे महाविद्यालयात सगळे इंग्रजीतच आहे. तरी चौदा वर्षांच्या मुलाला ‘का?’ विचारता येत नसेल, तर त्या इंग्रजी संज्ञांचा त्याला काहीच उपयोग नाही.

तुमचे मूल आठवी ते दहावीत असेल तर पुढच्या पालकसभेत गुणांच्या आधी एक प्रश्न विचारा : या महिन्यात मुलांनी स्वतःच्या हाताने कोणते प्रयोग केले? तुमच्या जुन्या शाळेशी संबंध असेल तर परीक्षानळ्यांचा एक खोका, दोन-चार भिंगे, एक साधा सूक्ष्मदर्शक तिथे नेऊन द्या आणि ते कपाटात बंद राहणार नाही, असे मुख्याध्यापकांकडून कबूल करून घ्या.