विश्लेषण : जुन्या विंडोजची ‘अद्ययावत डिस्क’ कशी बनवतात? ती अजून लागते कशाला?

वर्कशॉपमधल्या लेथला जोडलेला पीसी, पॅथॉलॉजी लॅबमधल्या तपासणी यंत्राचा संगणक, पेजमेकरवर लग्नपत्रिका लावणारे डीटीपी सेंटर. अशा ठिकाणी विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ आजही दिसते. मालक हौसेने जुने वापरत नसतो. लाखो रुपयांच्या यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, एवढेच कारण असते. मग एक दिवस हार्ड डिस्क जाते, कपाटातली जुनी सीडी बाहेर निघते आणि ‘फॉरमॅट मारून’ संगणक पुन्हा उभा केला जातो. घोटाळा होतो तो इथे.

जुनी सीडी आहे, मग अडचण काय?

सीडीवरची विंडोज ही ती सीडी छापली त्या दिवशीची विंडोज असते. नंतर आलेल्या सुरक्षा दुरुस्त्या, म्हणजे पॅच, तिला ठाऊक नसतात. तुमचा संगणक काल कितीही अद्ययावत असला तरी त्या सीडीवरून पुन्हा इन्स्टॉल केल्यावर तो थेट त्या तारखेला जाऊन बसतो आणि तेव्हाची सगळी भगदाडे पुन्हा उघडी होतात.

याचा पहिला मोठा धडा २००३ मध्ये मिळाला. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. तिच्यातल्या एका गंभीर त्रुटीवरचा पॅच मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजी दिला आणि ११ ऑगस्टला त्याच त्रुटीतून शिरणारा ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म पसरला. संगणक ६० सेकंद उलटे मोजायचा आणि बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. उपाय म्हणून लोक फॉरमॅट मारायचे, मूळ सीडीवरून एक्सपी टाकायचे, पॅच उतरवण्यासाठी इंटरनेट जोडायचे आणि पॅच उतरण्याआधीच ब्लास्टर परत हजर! त्या वेळी एक्सपीतली फायरवॉल आपोआप चालू नसायची. ती ऑगस्ट २००४ मधल्या सर्व्हिस पॅक २ पासून सुरू झाली. औषध आणायला घराबाहेर पडावे आणि दारातच रोग गाठावा, तसा हा प्रकार होता.

स्लिपस्ट्रीमिंग म्हणजे काय?

पॅच इन्स्टॉलेशननंतर टाकण्याऐवजी इन्स्टॉलेशनच्या डिस्कमध्येच आधी मिसळून ठेवायचे, याला स्लिपस्ट्रीमिंग म्हणतात. अशा डिस्कवरून संगणक उभा राहतो तोच दुरुस्त्यांसह. इंटरनेटची केबल नंतर लावली तरी चालते. ही काही चोरवाट नव्हे. सर्व्हिस पॅक मूळ फाइलींत मिसळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने स्वतःच दिली होती. मोठ्या कार्यालयांत शेकडो संगणक एकाच वेळी उभे करायचे तर तिच्याशिवाय भागत नसे.

एक्सपीची अशी डिस्क प्रत्यक्षात कशी तयार होते?

आधी मूळ सीडी संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये कॉपी करतात. तिच्यात ‘आय३८६’ नावाचे फोल्डर असते. विंडोजचा सगळा माल तिथेच. मग सर्व्हिस पॅक ३ ची पूर्ण फाइल घेऊन तिला ‘इंटिग्रेट’ हा पर्याय आणि त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. जुन्या फाइलींच्या जागी नव्या येऊन बसतात. सीडी ज्या भाषेची, सर्व्हिस पॅकही त्याच भाषेचा हवा.

त्यानंतरचे सुटे पॅच असेच मिसळता येतात. ते ‘एसव्हीसीपॅक’ नावाच्या फोल्डरमध्ये जातात आणि इन्स्टॉलेशनच्या शेवटच्या टप्प्यात आपोआप बसतात. इथे क्रम महत्त्वाचा. आधी सर्व्हिस पॅक, मग पॅच. उलटे केले तर सर्व्हिस पॅक मिसळायला नकार मिळतो आणि नव्या कॉपीपासून सुरुवात करावी लागते.

आता ते फोल्डर नुसते सीडीवर उतरवले तर सीडी बूट होत नाही. पहिल्यांदा करणारा बहुतेक जण इथेच आपटतो. मूळ सीडीच्या सुरुवातीला बूटसाठीचा एक छोटा भाग असतो. तो फाइल म्हणून दिसत नाही, त्यामुळे कॉपी करताना मागेच राहतो. तो वेगळा काढून नव्या आयएसओ फाइलमध्ये जोडावा लागतो. ‘एनलाइट’ हे मोफत सॉफ्टवेअर लोकप्रिय झाले ते याचमुळे. पॅच मिसळणे, ड्रायव्हर जोडणे, बूटचा भाग लावून आयएसओ बनवणे, हे सारे ते एकाच खिडकीत करते.

निळी स्क्रीन आणि ‘एफ ६’चे काय?

एक्सपी आली तेव्हा साटा हार्ड डिस्कचा जमाना यायचा होता. त्यामुळे पुढच्या मदरबोर्डांवर एक्सपीची सीडी घातली, की एकतर ‘हार्ड डिस्क सापडली नाही’ असा निरोप किंवा शेवटी ‘७बी’ असलेला कोड दाखवणारी निळी स्क्रीन ठरलेली. अधिकृत उपाय काय, तर सुरुवातीला एफ ६ दाबा आणि ड्रायव्हरची फ्लॉपी घाला. ज्या संगणकाला फ्लॉपी ड्राइव्हच नाही त्याच्यासमोर बसून हा निरोप वाचलेल्यांना तो वैताग आजही आठवत असेल. बायोसमध्ये ‘एएचसीआय’ बदलून ‘आयडीई’ करणे ही पळवाट होती, पण सगळ्याच मदरबोर्डांवर ती नव्हती. पक्का इलाज म्हणजे साटाचा ड्रायव्हर डिस्कमध्येच मिसळणे.

हार्ड डिस्कच्या आकाराचेही तसेच. सर्व्हिस पॅक नसलेल्या मूळ एक्सपीला १३७ गिगाबाइटच्या पुढची जागा हाताळता येत नाही. ती सोय सर्व्हिस पॅक १ पासून आली. म्हणजे २००१ ची सीडी आणि आजची ५०० गिगाबाइटची हार्ड डिस्क यांचे जुळणारच नाही. इथे स्लिपस्ट्रीमिंग ही हौस उरत नाही, गरज होते.

मराठीशी याचा काय संबंध?

एक्सपीत युनिकोड मराठी नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लिपींचा पर्याय चालू करावा लागे आणि त्या क्षणी संगणक म्हणे, ‘एक्सपीची सीडी घाला.’ सीडी हाताशी नसेल तर जोडाक्षरे फुटलेली आणि वेलांट्या भलत्या ठिकाणी. स्वतःची डिस्क बनवताना हा प्रश्न मुळातच मिटवता येतो. ‘विननट डॉट एसआयएफ’ नावाच्या उत्तरपत्रिकेत भाषागट, टाइम झोन, संगणकाचे नाव ही सगळी उत्तरे आधीच लिहून ठेवता येतात. इन्स्टॉलेशनमध्ये मग कोणी काही विचारत नाही आणि सुरू झाल्याबरोबर मंगल फॉन्टमध्ये मराठी दिसते. ही फाइल लिहून देणारा ‘सेटअप मॅनेजर’ एक्सपीच्या सीडीवरच ‘सपोर्ट’ फोल्डरच्या आत दडलेला असे. फार थोड्यांनी तो उघडून पाहिला.

विंडोज ७ मध्ये काय बदलले?

व्हिस्टापासून सुट्या फाइलींऐवजी अख्खी विंडोज ‘इन्स्टॉल डॉट विम’ या एका मोठ्या फाइलमध्ये भरलेली असते. विंडोज ७ सोबत आलेल्या ‘डिझम’ या कमांडने ती उघडायची, पॅच आणि ड्रायव्हर आत टाकायचे आणि बदल जतन करून बंद करायची. होम, प्रोफेशनल, अल्टिमेट अशा प्रत्येक आवृत्तीसाठी हे वेगळे करावे लागते. आपल्याला हवी तेवढीच करावी. वेळ बराच जातो.

विंडोज ७ चा सर्व्हिस पॅक १ फेब्रुवारी २०११ चा. दुसरा आलाच नाही. त्याऐवजी मे २०१६ मध्ये कंपनीने एप्रिल २०१६ पर्यंतचे जवळपास सगळे अपडेट एकत्र केलेला मोठा गठ्ठा दिला. तो बसायला एप्रिल २०१५ चे एक छोटे अपडेट आधी लागते. पुष्कळ लोक हा गठ्ठा मिसळून थांबतात आणि नेमके तेच चुकते. ‘वॉनाक्राय’ ज्या त्रुटीतून शिरला तिचा पॅच १४ मार्च २०१७ चा आहे, म्हणजे या गठ्ठ्यानंतरचा. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्रायने जगभर थैमान घातले तेव्हा बळी पडलेल्यांत मोठा वाटा विंडोज ७ चाच होता. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने तीच त्रुटी वापरली आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. तेव्हा गठ्ठ्यानंतरचे मासिक अपडेटही मिसळायलाच हवेत.

आणखी एक मेख आहे. विंडोज ७ चे अपडेट २०१९ पासून ‘शा-२’ पद्धतीच्या डिजिटल सहीने येऊ लागले. २०११ च्या डिस्कवरून उभ्या केलेल्या संगणकाला ही सही ओळखताच येत नाही. त्यामुळे ‘इंटरनेट जोडतो, अपडेट आपोआप येतील’ हा भरवसाच उरलेला नाही. सही ओळखायला शिकवणारे २०१९ चे दोन अपडेट डिस्कमध्ये मिसळणे हाच सरळ मार्ग.

हार्डवेअरची रड इथेही आहे. विंडोज ७ च्या डिस्कमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. २०१५ नंतरच्या अनेक मदरबोर्डांवर इन्स्टॉलेशनची पहिली खिडकी उघडते आणि माऊस, कीबोर्ड दोन्ही निपचित. ड्रायव्हर टाकायचा तो दोन ठिकाणी : ‘बूट डॉट विम’मध्ये आणि ‘इन्स्टॉल डॉट विम’मध्ये. फक्त पहिल्यात टाकला तर इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडते आणि पहिल्या रीस्टार्टनंतर माऊस पुन्हा मरतो. शिवाय एवढे सगळे भरल्यावर फाइल चार गिगाबाइटच्या वर गेली, तर फॅट ३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ती मावत नाही. डिझमनेच तिचे तुकडे करावे लागतात.

कोणी ‘सगळे तयार’ डिस्क दिली तर?

घेऊ नये. स्लिपस्ट्रीमिंग करणाऱ्याला विंडोजची कोणतीही फाइल बदलता येते, हेच तर या तंत्राचे मर्म. अनोळखी माणसाने बनवलेल्या डिस्कमध्ये पॅचबरोबर आणखी काय मिसळले आहे, हे अँटिव्हायरसलाही कळेलच असे नाही, कारण तो बसतो तेव्हा घर आधीच दुसऱ्याच्या ताब्यात असते. मूळ आयएसओची हॅश मायक्रोसॉफ्टने दिलेल्या हॅशशी जुळते का ते पाहावे, पॅच कंपनीच्याच कॅटलॉगमधून घ्यावेत आणि परवाना स्वतःचा असावा. ब्रँडेड संगणकावरच्या स्टिकरची की दुकानात मिळणाऱ्या रिटेल डिस्कवर सहसा चालत नाही, हेही आधी तपासलेले बरे.

एनलाइटमध्ये आणखी एक मोह असतो : नको ते भाग काढून विंडोज ‘हलकी’ करण्याचा. माझ्या मते जुन्या यंत्राच्या संगणकासाठी तो टाळावा. आज निरुपयोगी वाटलेली एखादी सेवा सहा महिन्यांनी प्रिंटरला किंवा यंत्राच्या डाँगलला लागते आणि ती गायब आहे हे शोधण्यात दिवस जातो. डिस्क बनली, की आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून पाहावी. खरी हार्ड डिस्क पुसायची ती नंतर.

एवढे केल्यावर संगणक सुरक्षित होतो का?

नाही. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा सर्वसाधारण ग्राहकांसाठी १४ जानेवारी २०२० रोजी. वॉनाक्रायनंतर आणि २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ त्रुटी सापडल्यावर कंपनीने एक्सपीसाठीही अपवाद म्हणून पॅच दिले, ते मिसळावेतच. पण त्यानंतरच्या त्रुटींवर औषध नाही. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना पाठिंबा संपलेल्या प्रणालींवरची एटीएम टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत बदलायला सांगितले, ते याचसाठी. लेथचा किंवा लॅबचा पीसी बदलणे शक्य नसेल तर त्याला इंटरनेटपासून तोडावे आणि त्यावर ईमेल किंवा बँकेचे व्यवहार मुळीच करू नयेत. बाहेरचे पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या संगणकावर तपासावेत.

पाठिंबा संपलेल्या विंडोजचे पॅच कायम मिळत राहतील, हेही गृहीत धरता येत नाही. जुन्या ‘शा-१’ सहीच्या विंडोज फाइली मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या डाउनलोड सेंटरवरून काढून टाकल्या. आता विंडोज १० चा नियमित पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांची यंत्रे त्यावर अडकलेली आहेत त्यांनी तिची आयएसओ आणि त्या तारखेपर्यंतचे अपडेट कंपनीच्या साइटवर आहेत तोवर उतरवून, फाइलच्या नावात तारीख लिहून, दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावेत.