जुन्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत एकाच जागी पांढरा ठिपका? आधी शटरचा पडदा तपासा!

कपाटाच्या वरच्या फळीवर पडलेला आजोबांच्या काळातला कॅमेरा बाहेर निघतो. हौसेने महागडी फिल्म आणली जाते, रोल धुऊन येतो आणि बघावं तर प्रत्येक फोटोत त्याच जागी तोच पांढरा ठिपका! दोष लॅबला दिला जातो, फिल्मला दिला जातो. पण खरा गुन्हेगार बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या पोटात असतो. तो म्हणजे शटरचा कापडी पडदा.

कॅमेऱ्यात कापड कशाला?

जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीने 1925 मध्ये पहिला लायका कॅमेरा बाजारात आणला. ऑस्कर बार्नॅक यांनी घडवलेल्या या कॅमेऱ्यात फिल्मच्या अगदी पुढे रबराचा थर दिलेल्या कापडाचे दोन पडदे होते. सोव्हिएत संघातल्या फेड आणि झोर्की या कॅमेऱ्यांनीही तीच रचना उचलली.

बटण दाबलं की पहिला पडदा सरकतो आणि फिल्मवर प्रकाश पडू लागतो. त्याच्या मागोमाग दुसरा पडदा येऊन प्रकाश बंद करतो. वेग जास्त असेल तर दोघांमध्ये फक्त एक बारीक फट उरते आणि ती फट फिल्मवरून सरकत जाते. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग लावला तर ही फट जेमतेम 2 मिलीमीटरची असते. पडदा किंचित जरी जड झाला किंवा अडखळला, तरी फोटोचा एक भाग उजळ आणि दुसरा काळपट येतो, तो यामुळेच.

भोक पडतं कसं?

पहिलं कारण म्हणजे ऊन. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल, तर हे लगेच कळेल. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे आरसा असतो, त्यामुळे पडदा झाकलेला राहतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसाच नसतो. टोपण न लावता कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवला, की लेन्स भिंगाचं काम करते आणि पडद्याला बारीक भोक पडतं. कॅननने 1959 च्या 'पी' मॉडेलमध्ये स्टीलचे पडदे वापरले. ते असे जळत नाहीत, पण बोट लागलं की त्यांना सुरकुत्या पडतात!

दुसरं कारण वय. रबर कडक होतं आणि पडदा जिथे रुळावर गुंडाळला जातो तिथे तडे जातात.

दोष ओळखायचा कसा?

ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी असेल, तर संशय पडद्यावर. जागा बदलत असेल, तर कॅमेऱ्याच्या पाठीमागून प्रकाश शिरत असण्याची शक्यता जास्त.

पाठ उघडणारा कॅमेरा असेल तर फिल्म आणि लेन्स काढा, खोलीत अंधार करा आणि लेन्सच्या बाजूने टॉर्च मारून मागून पाहा. भोक असेल तर चांदणीसारखं चमकेल. ही तपासणी दोनदा करायची: एकदा शटर कॉक करून आणि एकदा सोडून. कारण दोन्ही वेळी समोर वेगळा पडदा असतो. जुन्या लायकात फिल्म खालून भरतात आणि पाठ उघडत नाही. तिथे टेस्ट रोल काढणं हा सोपा मार्ग.

घरी काय करता येईल?

टाचणीच्या टोकाएवढी एक-दोन भोकं असतील, तर कापडावर वापरायचा, सुकल्यावर लवचीक राहणारा काळा रंग चालतो. बारीक ब्रशने अगदी पातळ थर फक्त भोकापुरता द्यायचा. पडदा बोटाने दाबायचा नाही. रंग पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे निदान एक दिवस, शटरला हात लावायचा नाही. नाहीतर ओला रंग रुळाला चिकटतो आणि पडदा अडकून बसतो. सुकल्यावर वेगवेगळ्या वेगांवर शटर बरेचदा चालवून बघा आणि पुन्हा टॉर्च मारा.

नेलपॉलिश लावायचा मोह टाळा. ते कडक होतं आणि पडदा वळला की तडकतं. जाड टेपचा तुकडा चिकटवला, तर पडदा जड होतो आणि वेग बिघडतो.

मेकॅनिककडे कधी जायचं?

भोकं बरीच असतील, कापड कडक झालं असेल, तडे गेले असतील किंवा पडदा फितीपासून सुटला असेल, तर रंग लावणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. तेव्हा पडदेच बदलावे लागतात. कॅमेरा पूर्ण उघडून, नवं कापड अचूक मापाने कापून, लवचीक गोंदाने सरळ चिकटवून पुन्हा स्प्रिंगचा ताण जुळवायचा असतो. पडदा केसभर जरी तिरका बसला, तरी फट वाकडी होते. म्हणून हे काम जाणकाराकडेच द्यावं. लायकाच्या फिल्म कॅमेऱ्यांत आजही कापडी पडदे असतात, त्यामुळे ही कला अजून जिवंत आहे.

दुरुस्तीनंतर दोन सवयी लावून घ्या. फोटो काढून झाला की लेन्सला टोपण लावायचं आणि कॅमेरा ठेवून देताना शटर कॉक करून ठेवायचं नाही, म्हणजे स्प्रिंगवर विनाकारण ताण राहत नाही. आणि लग्न किंवा बारशासारख्या पुन्हा न येणाऱ्या प्रसंगाला हा कॅमेरा नेण्याआधी एक टेस्ट रोल नक्की काढा. रोल पुन्हा विकत मिळतो, प्रसंग मिळत नाही!