दूध पुरत नाही असे वाटल्यास: आशाताईंची गृहभेट

पहिले दोन-तीन दिवस पिवळसर चीकच येतो, तोही थोडा. बाळाला तेवढा पुरतो. नेमके तेव्हाच घरात ‘दूध येत नाही’ म्हणून वरचे दूध सुरू होते. मग बाळ कमी ओढते आणि दूध खरोखरच घटते.

रडण्यावरून अंदाज बांधू नये, लघवी मोजावी. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल व वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे.

घरच्या घरी नवजात बालकाची काळजी, म्हणजेच एचबीएनसी कार्यक्रमात आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२व्या दिवशी विनामूल्य घरी येतात. प्रसूती घरी झाली असल्यास पहिल्या दिवशीही. त्या बाळाचे वजन करतात. बाळाला त्यांच्यासमोरच पाजावे. स्तनाग्राभोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात जातो का, हे त्या पाहतात. बहुतेकदा अडचण तिथेच असते.

रात्रीसह दिवसातून ८ ते १२ वेळा पाजावे. अळिवाचे लाडू खाण्यास हरकत नाही, पण बाळाने ओढल्याशिवाय दूध वाढत नाही.

बाळ सुस्त असेल, ओढत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर भेटीची वाट पाहू नये. त्वरित सरकारी रुग्णालयात न्यावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत तेथे एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला उपचार, औषधे व वाहन मोफत मिळते.