मोठीं चाकें आणि हवेचा दाब

बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धांव गाडीचा भार स्वतःच्या बळावर पेलते. मोटारीच्या टायरची गोष्ट निराळी आहे. तेथें भार पेलते ती मुख्यतः आंत कोंडलेली हवा. रबर व तारा हें तिला धरून ठेवणारें पात्र होय. रॉबर्ट थॉमसन यांनीं १८४५ सालीं असें हवेचें चाक योजिलें, आणि १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यांनीं तें नव्यानें शोधून प्रचारांत आणिलें. ही एक गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल.

वेगवान मोटारींना मोठीं चाकें बसविण्याची हौस पुष्कळांस असते. समजा, एखाद्या गाडीचे मूळचे टायर २०५/५५ आर १६ या मापाचे आहेत. पहिला आंकडा रुंदीचा, मिलिमीटरांत. दुसरा, बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा किती तें सांगणारा. तिसरा धातूच्या चाकाच्या व्यासाचा, इंचांत. यांच्या जागीं २२५/४० आर १८ बसविले, तर टायरसह एकूण व्यास ६३२ वरून ६३७ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तितकाच राहतो. परंतु बाजूची उंची मात्र ११३ वरून ९० मिलिमीटरांवर येते. वळणावर गाडी अधिक स्थिर राहते हा लाभ खरा. पण खड्ड्याचा दणका सोसणारा मऊ भाग कमी होतो.

आतां दाब किती ठेवावा? दाराच्या चौकटीवरील पत्रकांत जो आंकडा असतो, तो तेथें लिहिलेल्या मापाच्या टायरांपुरताच असतो. तो चौरस इंचास ३२ पौंड आहे असें धरूं. मूळच्या टायरचा भारांक ९१, म्हणजे ३६ पौंड दाबावर तो ६१५ किलो पेलतो. ३२ पौंडांवर सुमारें ५५५ किलो. नव्या टायरवर बहुधा ‘एक्सएल’ ही अधिक भाराची खूण व ९२ हा भारांक, म्हणजे ६३० किलो, असतो. हा अधिक बळकट, तेव्हां काळजी नको, असें सहज वाटतें. परंतु ६३० किलो पेलण्यास त्याला ४२ पौंड दाब लागतो. ३२ पौंडांवर त्याची शक्ति सुमारें ५०५ किलोच उरते! मूळची ५५५ किलोंची बरोबरी करावयाची तर सुमारें ३६ पौंड हवा भरली पाहिजे. म्हणून माप बदललें कीं टायर-कारखान्याचें कोष्टक पाहून दाब नव्यानें ठरवावा.

दाब कमी पडला तर टायर प्रत्येक फेऱ्यास अधिक वांकतो, वांकण्यानें तापतो, व तापून त्याचे थर सुटूं शकतात. अमेरिकेंत २००० सालीं फायरस्टोन कंपनीस सुमारें ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्यांतील पुष्कळ फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवर होते, व अपघातांत २७० हून अधिक माणसें दगावलीं. तपासांत टायरच्या रचनेंतच दोष आढळला. परंतु त्या गाडीस सांगितलेला २६ पौंडांचा दाबहि वादाचा विषय झाला, कारण कमी दाबांत उष्णतेस तोंड देण्यास अवसर थोडा राहतो. उलट, दाब अतिशय झाल्यास टायरचा मधलाच भाग रस्त्यास टेकतो आणि पकड कमी होते. टायरच्या बाजूवर कोरलेला सर्वांत मोठा दाब ही केवळ मर्यादा आहे. तो भरण्याचा आंकडा नव्हे.

मोजणी थंड टायरवरच करावी. गाडी निदान तीन तास उभी असावी. उष्णता पांच-सहा अंश सेल्सिअस वाढली कीं दाब सुमारें एक पौंड चढतो. म्हणून धांवून आलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला तरी हवा सोडूं नये. निवाल्यावर तो कमी पडेल.

दाबमापक यंत्र अल्प किंमतीस मिळतें. महिन्यांतून एकदां, सकाळीं गाडी निघण्यापूर्वीं, चारहि चाकें व जादा चाक मोजून आंकडे वहींत टिपण्याचें काम घरांतील विद्यार्थ्यानें आपल्याकडे घ्यावें. एकाच चाकाचा आंकडा वारंवार उतरत असेल, तर तेथें बारीक गळती आहे हें वडिलांना त्यानें वेळींच सांगावें.